होळी पेटल्यावरची शिवी

जयवंतीच्या तोंडाला आख्खा आंबटपाडा घाबरायचा आणि वर्षातून एकदा त्याच तोंडापुढे रांग लावून उभा राहायचा. हे उलटं वाटेल, पण खरं आहे. तलासरी सोडून पूर्वेला डोंगराकडे निघालं की डांबर जिथे दम तोडतं, तिथे हा पाडा. भात पिकवायचं, नागली पिकवायची, उन्हाळ्यात बोर्डीकडे चिकूच्या वाड्यांवर कामाला जायचं, आणि शिमग्याला जयवंतीकडून शिवी घ्यायची. ही इथली रीत.

रीत अशी, की शिमग्याला प्रत्येक घरचा कर्ता पुरुष होळीत एक लाकूड ठेवतो. लाकूड ठेवलं की समोर बसलेली बाई त्याला एक शिवी देते. ती मान खाली घालून घ्यायची, उलट बोलायचं नाही. वर्षभराची जी काय पीडा अंगावर असेल, नजर असेल, कोणाचा तळतळाट असेल, तो त्या शिवीबरोबर लाकडात उतरतो आणि होळीत जळून जातो. म्हणून शिवी घ्यायला माणसं नवे कपडे घालून येतात. पोरं डहाणू रोडच्या दुकानांत नोकरीला लागली, मोबाइलवर जगाच्या उठाठेवी करायला लागली, तरी शिमग्याला रजा टाकून येतात. शिवी कोणी चुकवत नाही.

शिवी देण्याचा मान एकाच घराचा, सासूकडून सुनेकडे जाणारा. जयवंतीच्या आधी तिची सासू नवशीबाय द्यायची. तिने सुनेला दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. एक, कोणाची आई-बहीण काढायची नाही. ती शिवी नव्हे, ते नुसतं ओकणं. शिवी अशी पाहिजे, की खाणारा घरी जाऊन स्वतःशीच हसला पाहिजे आणि बायकोला सांगितली पाहिजे. आणि दुसरं, सगळ्या शिव्या होळी पेटायच्या आत. पेटायच्या आत दिलेली जळते. पेटल्यावर दिलेली जळत नाही, अंगाला चिकटते.

जयवंतीला या कामाचा नाद होता, खोटं कशाला बोला. डहाणू रोडच्या बाजारात भाजी घेऊन बसली की भाजीकडे कमी आणि भांडणांकडे कान जास्त. दोन मासळीवाल्या जुंपल्या की ही आपली मेथीची जुडी तशीच सोडून उभी राहायची. एखाद्या म्हाताऱ्याने मुलाला ‘आडमुठ्या’ म्हटलं, की हिने त्याला गाठून विचारायचं, बाबा, आडमुठ्या म्हणजे काय हो? तो म्हणायचा, नांगराची मूठ जो आडवी धरतो आणि वर बैलाला मारतो, तो. खरं की खोटं देव जाणे, पण जयवंतीला पटलं की तो शब्द तिचा झाला. बोर्डीकडच्या गुजराती बायांकडून ‘डोबा’ उचलला. तिकडे डोबा म्हणजे म्हैस, आणि माणसाला म्हटलं की अकलेने म्हैस. आपल्याकडचा टोणगा आणि तिकडचा डोबा ही जोडी तिने एका शिमग्याला दोघा जुळ्या भावांना दिली होती. ते दोघे अजून सांगत फिरतात.

नवऱ्याला, बारक्याला, ती रोज सकाळी एकच शिवी द्यायची. “मेल्या, उठ, ऊन अंगावर आलं.” बारक्या म्हणायचा, “मेलेला उठतो काय?” आणि उठायचा. पंचवीसेक वर्षांचा संसार या एका वाक्यावर सुरू व्हायचा आणि चहावर पुढे सरकायचा.

आता धनेशचं सांगायला पाहिजे. त्याचं नाव काढलं की आजही जयवंतीच्या कपाळावरची शीर उठते.

धनेश हा बारक्याचा बालमित्र. एकत्र गुरं राखलेली, एकत्र नदीत डुंबलेले. पुढे धनेशने टेम्पो घेतला, मग दुसरा घेतला, बोर्डीचे चिकू भरून बाहेर पाठवू लागला आणि डहाणूजवळ मसोलीला घर बांधलं. पाड्यातलं जुनं घर ठेवलं, कारण शिमग्याचं लाकूड तिथूनच निघतं. माणूस हुशार, बोलका, दहा जणांत उठून दिसणारा. पण दुसऱ्याला खाली दाबल्याशिवाय आपण वर दिसत नाही, अशी काही माणसांची समजूत असते. तशातला हा.

जयवंती-बारक्याला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. एका शिमग्याला नवशीबायने सगळ्यांच्या शिव्या दिल्या, होळी पेटली, ढोल सुरू झाला, आणि ताडी चढलेल्या धनेशने आगीच्या उजेडात बारक्याच्या खांद्यावर हात टाकून हाळी दिली, “आमचा बारक्या म्हणजे पोचट. पोचट दाणा.”

भात पिकवणाऱ्याला पोचट काय ते सांगावं लागत नाही. वरून लोंबी भरलेली, टरफल पिवळंधमक, आणि आत तांदूळच नाही. सुपात घेतलं की वाऱ्याने उडून जातं. एवढा नेमका शब्द कोणालाही सुचला नसता. सगळा पाडा हसला. बारक्याही हसला. नवशीबाय मात्र म्हणाली, “पेटल्यावर बोललास रे. आता हे जळायचं नाही.”

आणि नाहीच जळलं. दुसऱ्या दिवशी पोचट, महिन्याने पोचट, रेशनच्या रांगेत पोचट. बारक्याचं नाव लोक विसरले. दोन वर्षांनी कविता झाली, तेव्हा वाटलं आता तरी तोंडं बंद होतील. उलट झालं. पोचटाला पोर कशी, म्हणून बायका पदराआड हसल्या. पुढे कविता शाळेत गेली, तर ‘पोचटाची पोर’. यात जो चावटपणा भरला होता तो पोरीला कळत नव्हता, जयवंतीला कळत होता. नवशीबायनंतर मान तिच्याकडे आला. दर शिमग्याला ती सगळ्यांना शिव्या वाटायची, धनेशलाही द्यायची, चांगल्यातल्या चांगल्या. उपटसुंभ दिली, खुशालचेंडू दिली, भाद्रपदातला बेडूक दिली. तो हसून घ्यायचा, मसोलीत जाऊन सांगायचा, आणि होळीत सगळं जळून पुन्हा कोरा व्हायचा. बारक्या मात्र होळीकडे यायचाच बंद झाला. घरचं लाकूड भावकीतल्या कोणाकडे तरी द्यायचा आणि अंगणात पाठ करून बसायचा.

दोन वर्षांमागे पौषात बारक्या छातीत कळ येऊन गेला. सरण रचत असताना मसोलीहून धनेश आला. तोंड पाडून उभा राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, “पोचट गेला बिचारा.”

मुद्दाम नाही म्हणाला. तेच तर जयवंतीच्या जिव्हारी लागलं. मुद्दाम म्हणाला असता तर तिने तिथेच त्याची सालटी काढली असती. पण त्याला खरोखरच दुसरं नाव आठवलं नाही. ज्याच्याबरोबर नदीत डुंबला, त्याच्या सरणापाशी उभं राहून याला बारक्या हे नाव सुचू नये. त्या दिवसापासून जयवंतीच्या पोटात एक निखारा पडला, तो विझला नाही. आणि त्या दिवसापासून ‘मेल्या’ हा शब्द तिच्या तोंडून गेला. बाकीच्या शिव्या होत्या तशा राहिल्या. तेवढी एक कोणालाच दिली नाही, चुकूनसुद्धा.

पुढचा शिमगा दोन महिन्यांवर आला. कोणीतरी सुचवलं, की जयवंतीला दुःख झालंय, यंदा तिच्या भावकीतल्या म्हाताऱ्या बायजीआत्याला बसवू. जयवंती म्हणाली, “नवरा गेलाय, जीभ नाही गेली.” आणि जाऊन बसली. सगळे आले, लाकूड ठेवलं, शिवी घेतली. धनेश आला, त्याने सागाचं चांगलं जाडजूड लाकूड ठेवलं आणि मान खाली घातली. जयवंतीने त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाली, “पुढचा या.”

लोकांना वाटलं गंमत. धनेशलाही वाटलं. पण होळी पेटली, विझली, शिवी काही आली नाही.

नंतरच्या वर्षात धनेशचं काय काय झालं ते पाड्यातल्या बायका अजून चवीने सांगतात. चारोटीच्या वळणावर टेम्पो आडवा झाला आणि चिकूचा रस्त्यावर लगदा झाला. मसोलीतल्या घराची बोअर आटली. बाजूच्या घरची भरून वाहतेय, याची कोरडी. नव्या शेडवर वारा नसताना फणसाची फांदी पडली. आता या गोष्टी कोणाच्याही वाट्याला येतात. पण दरवेळी लोक म्हणायचे, काय करणार, त्याची शिवी राहिलीय ना. मग भाडी देणारे दुसऱ्याच्या टेम्पोकडे बघू लागले. पीडेवाल्याच्या गाडीत माल कोण भरेल? पाड्यात आला की बायका लेकरांना हळूच मागे ओढायच्या. शेवटी तो भगताकडे गेला. भगताने तांदूळ मांडले, बघितले आणि म्हणाला, “बाबा, तुझं दुसरं काही नाही. तुझी शिवी अडकलीय. ज्या तोंडात अडकलीय तिथून सोडव.”

त्याच सुमाराला जयवंतीच्या घरी वेगळंच घडत होतं. कविताचं लग्न ठरलं. मुलगा बोर्डीकडचा, संदीप नावाचा, चिकूच्या वाडीत कलमं बांधण्यात हात धरणारा कोणी नाही असा. पाहुणे बघायला आले, चहा झाला, आणि जाताना मुलाच्या आत्याने वाटेत कोणाला तरी विचारलं, की हे घर कसं आहे. त्या माणसाने सांगितलं, “चांगलं आहे. पोचटाची पोर ती.” पुढे जे सांगायचं तेही हसत सांगितलं. लग्न मोडलं नाही, संदीप घट्ट होता. पण ती गोष्ट फिरून कविताच्या कानावर आली. रात्रीचं जेवण वाढताना तिने भाकरी हातात धरली आणि विचारलं, “आई, मी बाबाचीच ना?”

जयवंतीने आयुष्यात शेकड्याने माणसांना बोलून गार केलं होतं. पोरीच्या या एका प्रश्नाने ती गार झाली. “त्याचीच ग,” एवढंच म्हणाली, आणि उठून बाहेर गेली. राग असा, की दात आवळून दाढ दुखायला लागली. लग्न वैशाखात. त्या मांडवात हे नाव येता कामा नये. आणि ज्याने हे नाव दिलं, तो सुखाने जेवता कामा नये. या दोन गोष्टी तिने मनाशी पक्क्या केल्या.

शिमग्याच्या आदल्या सकाळी धनेशची पांढरी गाडी आंब्याखाली येऊन थांबली. जयवंती अंगणात नागली पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

“वयनी, बरी आहेस ना?” धनेश म्हणाला.

“बस.”

तो ओट्याच्या कडेवर बसला. इकडचं तिकडचं बोलला. उन्हाचं बोलला, कविताच्या लग्नाचं बोलला, टेम्पो पाहिजे तर माझा ने म्हणाला. जयवंती पाखडत राहिली. मग त्याच्याकडचं बोलणं संपलं.

“उद्या मला विसरू नको,” तो म्हणाला.

“गेल्या साली कुठे विसरले होते?”

“मग दिली का नाहीस?”

“तुला देण्याजोगी नव्हती माझ्याकडे.”

धनेश हसला. “तुझ्याकडे शिवी नाही? समुद्राकडे मीठ नाही म्हण.” ती हसत नाही हे बघून तोही थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, “वयनी, माझं वर्ष बघितलंस ना. कसलीही दे. कसलीही चालेल.”

“तुझी एक शिल्लक आहे. पण ती माझी नाही, तुझीच आहे. बारक्याला दिलेली. ती आधी परत घे.”

“अगं, ते मस्करीत गेलं होतं. बारक्या पण हसायचा.”

“हसायचा,” जयवंती म्हणाली. “घरी येऊन जेवायचा नाही.”

धनेशने मान खाली घातली. त्याला खरंच वाईट वाटलं असेल, नाही असं नाही. पण वाईट वाटायला त्याला स्वतःचा टेम्पो आडवा व्हावा लागला, हे जयवंतीने ध्यानात ठेवलं.

“कशी परत घेऊ?” त्याने विचारलं.

“लाकूड ठेव आणि सगळ्यांसमोर तीनदा बोल. पोचट बारक्या नव्हता, पोचट मी. बस.”

त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला, तो तिला चेहऱ्यावर दिसला. बोलायचं आणि लगेच होळी पेटणार. जळून जाईल. रात्रीपर्यंत कोणाच्या ध्यानात राहणार नाही, आणि पीडा जाईल ती वेगळीच. स्वस्तात सुटलो.

“एवढंच ना?”

“एवढंच. सगळ्यांच्या शेवटी ये, म्हणजे पाडा ऐकेल.”

तो तिला चक्क हात जोडून गेला. दारात उभी असलेली कविता हे सगळं ऐकत होती. तिचा चेहरा पडला. “आई, एवढ्यावर सोडलंस त्याला? बाबाला आयुष्यभर पुरलं, आणि याला एका संध्याकाळी माफ?”

“नागली निवड,” जयवंती म्हणाली. “खडे राहतील.”

शिमग्याच्या संध्याकाळी ऊन उतरताच लोक जमले. मधे सावरीचा उभा सोट, भोवती पेंढा आणि काटक्या. जयवंती उलट्या उखळावर पूर्वेकडे तोंड करून बसली. समोर डोंगर, डोंगराच्या आणि तिच्या मधे होळी, होळीच्या बाजूने पुरुषांची रांग, तिच्याकडे तोंड करून. डोंगरामागून पूर्ण चंद्र वर आला आणि डोंगरापासून सुटला, की होळी पेटवायची. हे काम सुनिलच्या घराचं. तो पेंढ्याची चूड हातात धरून डोंगराकडे बघत उभा राहतो. तो कोणाला विचारत नाही, कोणासाठी थांबत नाही. त्याचा आजा थांबला नाही, बाप थांबला नाही, तोही थांबत नाही.

दरवर्षी जयवंतीचं काम झटपट असायचं. एक माणूस, एक शब्द, पुढचा या. यंदा पहिलाच माणूस पुढे आला, त्याने लाकूड ठेवलं, आणि तिने म्हटलं, “खोगीरभरती.” तो वळून जायला लागला, तर म्हणाली, “थांब. कुठून आलीय ते ऐकून जा. पूर्वी घोड्याच्या खोगिरात चिंध्या कोंबायचे. नुसता फुगीरपणा यावा म्हणून. चिंधीला विचारलं तू काय करतेस, तर म्हणते, मी घोड्यावर बसलेय. तू त्यातला.” लोक खदखदून हसले. तो माणूस ग्रामपंचायतीचा सदस्य होता.

दुसऱ्याला बाजारबुणगा दिली. “सैन्यामागून चालायचे. लढाई आली की झाडामागे, जेवण आलं की पहिल्या पंगतीत. तुझ्या भावकीत लावणीच्या वेळी कोणाच्या कमरेत उसण भरते ते मी सांगत नाही.” तिसऱ्याला शुंभ. “राक्षस होता. देवीने मारला. पण मारायच्या आधी किती वेळ नुसता बघत उभा होता, ते तुझ्याकडे बघून कळतं.”

बायका डोळे पुसायला लागल्या. पोरं सगळी पुढे येऊन बसली. स्पीकरवाल्याने गाणं आपण होऊन बंद केलं. बायजीआत्या, जिने नवशीबायचाही काळ पाहिला होता, काठी टेकून म्हणाली, “आज ही रंगात आहे. आज कोणी घाई करू नका.” आणि घाई कोणाला करायची होती? आपण रोज तोंडाने फेकतो तो शब्द कुठल्या घोड्यावरून, कुठल्या लढाईतून चालत इथवर आला, हे ऐकायला माणसाला आवडतं. नंदीबैलाची गोष्ट झाली, उपटसुंभाची झाली. दाव्याचा सुंभ उपटून दुसऱ्याच्या शेतात शिरणारं ढोर, असं तिने सांगितलं, आणि पाड्यातल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कारण बांधावरून त्यांचं नेहमीचं वाजायचं.

धनेश रांगेच्या शेवटी उभा होता. पोट धरून हसत होता. दुसऱ्याच्या शिवीवर त्याच्याइतकं कोणी हसत नसे. त्याच्या हातात आंब्याचं चांगलं वाळलेलं लाकूड होतं आणि डोंगराकडे त्याची पाठ होती.

जयवंतीला डोंगर समोर दिसत होता. नितीन पुढे आला, त्याच्यामागे फक्त धनेश, आणि त्याच वेळी डोंगराच्या कडेवर चंद्राची तांबूस कोर दिसली.

नितीन भला पोरगा. त्याला एक शब्द देऊन सोडता आलं असतं. ‘अजागळ’ म्हटलं असतं, तो हसून गेला असता, धनेश पुढे आला असता, त्याने कबूल केलेलं बोलला असता आणि सगळं चंद्राच्या आत आटोपलं असतं. बारक्या मोकळा झाला असता. धनेशही मोकळा झाला असता. जयवंतीला हे सगळं समजत होतं. तिने एकदा धनेशकडे बघितलं. तो हसता हसता घड्याळात बघत होता.

“अजागळ,” ती नितीनला म्हणाली. “ऐक कुठून आली. अजा म्हणजे शेळी. शेळीच्या गळ्याला दोन आचळं लोंबतात, बघितलीस ना? आमच्याकडे एक शेळी होती, माझ्या सासूची लाडकी.” आणि तिने त्या शेळीची गोष्ट सुरू केली. शेळी कुठून आणली, काय खायची, कोणाच्या तुरीत शिरली. नवी सून म्हणून आलेल्या जयवंतीला दूध काढायला सांगितलं, तर ती गळ्याची आचळं कशी पिळत बसली. बारक्या दारात उभा राहून कसा बघत होता आणि अर्धा वेळ काहीच कसा बोलला नाही. “मग म्हणाला, जरा जोर लाव, येईल.” पाडा हसून लोळला. तिने सगळ्यांना पोटभर हसू दिलं, मग म्हणाली, “लोंबायला आहे, दिसायला आहे, दूध थेंबभर नाही. तो अजागळ. जा, बस.”

चंद्र डोंगरापासून सुटला. सुनिलने चूड लावली.

वाळलेला पेंढा एकदम भडकला. सगळे मागे सरले, ढोलावर पहिली थाप पडली. धनेश लाकूड हातात घेऊन तसाच उभा होता.  मग त्याला दिसलं असेल ते एवढंच, की होळी पेटलीय, आपलं लाकूड बाहेर आहे आणि आणखी एक वर्ष हातचं चाललंय. आडवा टेम्पो दिसला असेल, आटलेली बोअर दिसली असेल. तो धावला. लाकूड आगीत भिरकावलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “पोचट बारक्या नव्हता, पोचट मी!”

ढोल थांबला.

“पोचट बारक्या नव्हता, पोचट मी!”

  तिसऱ्यांदा त्याने सुरुवात केली, “पोचट बारक्या नव्हता,” आणि समोरची माणसं आपल्याकडे कशी बघताहेत ते त्याला दिसलं. तोंडातला शब्द तोंडात राहिला नाही, बाहेर आलाच, पण अगदी हळू. “पोचट मी.”

“पेटल्यावर बोललास रे बाबा,” बायजीआत्या म्हणाली.

धनेश जयवंतीकडे वळला. आगीच्या उजेडात त्याचा चेहरा घामाने निथळत होता. “वयनी, तू मुद्दाम लांबवलंस.”

“मी शेळीची गोष्ट सांगत होते,” जयवंती म्हणाली. “तूच सगळ्यात जास्त हसत होतास.”

“काढ हे. तुझ्या हातात आहे. काढ.”

“माझ्या हातात काय आहे? मी तुला शिवी दिलीच नाही. दिलेलं नाव देणाऱ्यानेच परत घ्यायचं असतं. तूच दिलंस, तूच घेतलंस. आता ते कोण काढणार?”

तिला वाटलं होतं, या वेळी बारक्याची आठवण येईल आणि रडू येईल. तसं काही झालं नाही. तिला छान वाटलं. बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही. उखळावरून उठली, पदर झटकला आणि ढोलवाल्याला म्हणाली, “वाजव की. थांबलास कशाला?”

धुळवडीच्या सकाळी पांढरी गाडी पाड्यातून निघाली, तर पोरं मागे धावली. काय ओरडत होती ते सांगायला नको. आठवड्याभरात शब्द मसोलीत पोचला, मग डहाणू रोडच्या टेम्पो स्टँडवर. त्याच्याच ड्रायव्हरने मोबाइलमध्ये त्याचं नाव ‘पोचटशेठ’ म्हणून टाकलं, म्हणतात. अडकलेली शिवी त्याला मिळाली म्हणून असेल, पीडा मात्र गेली. बोअरला पाणी लागलं, भाडी परत आली. फक्त भाडं ठरवताना लोक विचारतात, टेम्पो कोणाचा, पोचटाचा काय? तो ऐकून घेतो. काही वेळा हसतोही.

एकदा त्याने बायकोच्या हातून नारळ आणि साडी पाठवली. जयवंतीने तिला पाणी दिलं, बसवलं, दोन्ही वस्तू परत दिल्या आणि म्हणाली, “तुझ्यावर माझा राग नाही. घरी त्याला जेवायला घालत जा. न जेवता झोपत असेल.” बायको खाली बघत गेली. कविताला त्या दिवशी आईची जरा भीती वाटली.

वैशाखात मांडव पडला. बोर्डीहून वऱ्हाड आलं. जयवंती मागच्या दारी चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात भात ढवळत होती. पुढच्या अंगणात संदीपच्या कोणा म्हाताऱ्या नातेवाईक बाईने मोठ्याने विचारलं, तिला जरा कमी ऐकू यायचं म्हणून मोठ्याने, “पोरगी कोणाची म्हणालात?”

जयवंतीचा हात थांबला. कान तिकडेच होते.

“बारक्याची,” बायजीआत्या म्हणाली. कोणी हसलं नाही. कोणाला हसायचं सुचलंच नाही. म्हातारी म्हणाली, “हां, बारक्याची,” आणि पानसुपारी मागितली.

जयवंतीने डाव पातेल्यावर आडवा ठेवला. चुलीसमोर तशीच बसली. धूर डोळ्यात जात होता तो जाऊ दिला. मग इतके दिवस तोंडात कोंडून ठेवलेला शब्द तिने हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असा, चुलीकडे बघून सोडला.

“मेल्या,” ती म्हणाली, “ऐकलंस ना? जेवून घे आता.”